डीकंपायलरला क्लास फाइली नेमक्या कशा द्यायच्या? बटणाच्या क्लिकचा कोड येतच नाहीये

कोपरखैरणेकर

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्या ओळखीतल्या एका काकांचा वजनकाटा आहे, ट्रक-ट्रेलर चढतात तो. तिथे २०११ पासून जावातला एक प्रोग्रॅम चालतो, काट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर वजन घेतो, भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतो आणि पावती छापतो, एवढंच काम. ज्याने बनवून दिला त्याचा गाळा कधीच बंद झालाय, फोन लागत नाही, सोर्स कोड कोणाकडेच नाही. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती आणि गेल्या आठवड्यात अचानक पावती नंबर मायनसमध्ये यायला लागले. ड्रायव्हर हसतात ते सोडा, पण माल घेणाऱ्या पार्टीचा अकाउंटंट मायनस नंबरची पावती लावून घेत नाही, त्यामुळे मला दिवसातून चार वेळा फोन. मी महापेला नोकरीला आहे, जावा येते पण वेबवाली, हे डीकंपाइल प्रकरण, म्हणजे कंपाइल झालेल्या क्लास फाइलींतून परत सोर्स कोड काढणं, आयुष्यात पहिल्यांदा.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. फोल्डरमध्ये एक ईएक्सई आहे, बाजूला लिब फोल्डरमध्ये दोन-तीन जार (क्लास फाइलींच्या झिप) आणि एक डीएलएल. ऑफिसमधला एक जण म्हणाला की हे लाँचफोरजेने (जार गुंडाळून ईएक्सई बनवणारं टूल) गुंडाळलेलं असणार, एक्स्टेन्शन झिप करून उघड. उघडली, आत सगळ्या क्लास फाइली. त्या माझ्या उबुंटूच्या लॅपटॉपवर काढल्या आणि फर्नफ्लॉवर नावाच्या डीकंपायलरला पावतीस्क्रीन डॉट क्लास दिली. कोड आला, पण जिथे सेव्ह बटणाचं काम पाहिजे तिथे नुसतं न्यू पावतीस्क्रीन डॉलर १, कंसात धिस. आतला कोड नाही. मग फोल्डरमध्ये पावतीस्क्रीन डॉलर १, डॉलर २ अशा अकरा फाइली दिसल्या, म्हटलं ह्या एकेक देऊ. तर कुठलीही द्या, प्रत्येक वेळी तोच बाहेरच्या क्लासचा कोड परत येतोय! अकराच्या अकरा वेळा तेच.

मग मी जास्तीचं डोकं लावलं. स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला, यूआरएल क्लासलोडरने सगळ्या क्लास लोड करायच्या आणि क्लास डॉट फॉरनेम करून मेथड्सची यादी काढायची. डीएलएल काट्याच्या मशीनवरच आहे म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथेच चालवला. यादी अर्धवट आली, नो क्लास डेफ फाउंड म्हणून मेला, पण प्रोसेस काही बंद झाली नाही आणि कॉम १ पोर्ट धरून बसली. काकांच्या पोराने काट्याचा प्रोग्रॅम चालू केला तर पोर्ट इन यूज. काट्यावर एक ट्रेलर उभा, मागे रस्त्यापर्यंत लाइन, आणि मी टास्क मॅनेजरमध्ये कुठली जावा मारू ते शोधतोय. पुढचं सांगत नाही.

तर प्रश्न हा की डीकंपायलरला ह्या फाइली लोड करून द्यायची बरोबर पद्धत काय? आणि डॉलरवाल्या फाइलींचं काय गौडबंगाल आहे?

वागळे_इस्टेट

मायनस किती पासून सुरू झालं? ३२७६८?

कोपरखैरणेकर

हो!! मायनस ३२७६८, मग मायनस ३२७६७, मग ६६, असं उलटं चाललंय. कसं ओळखलं?

वागळे_इस्टेट

शॉर्ट आहे भावा, जावातला छोटा पूर्णांक. १६ बिट, ३२७६७ च्या पुढे उडी मारून मायनसला जातो. दरवर्षी नंबर १ पासून सुरू करतात का?

कोपरखैरणेकर

हो, दर १ एप्रिलला. अच्छा म्हणजे आधी कधी वर्षभरात एवढ्या पावत्या झाल्याच नव्हत्या, यंदा काकांनी रात्रपाळी सुरू केली.

वागळे_इस्टेट

मग काही करू नकोस, एप्रिलमध्ये आपोआप बरा होईल 😄

बाइटखाऊ

वागळे, त्याला अजून दीड महिना फोन येणार, तुला काय जातंय.

कोपरखैरणेकर, आधी डॉलरचं सांगतो कारण ह्यात डीकंपायलरचा काहीच दोष नाही. तू बॅशमध्ये, म्हणजे उबुंटूच्या टर्मिनलवर, फाइलचं नाव तसंच टाइप केलंस ना? बॅशला डॉलर १ म्हणजे व्हेरिएबल वाटतं, स्क्रिप्टला दिलेलं पहिलं आर्ग्युमेंट, आणि टर्मिनलवर ते रिकामं असतं. म्हणजे पावतीस्क्रीन डॉलर १ डॉट क्लासमधला डॉलर १ गळून पडतो आणि डीकंपायलरच्या हातात जाते पावतीस्क्रीन डॉट क्लास. डॉलर २ चं तेच, नाव दिलेल्या इनर क्लासचं (क्लासच्या आतला क्लास) पण तेच. अकरा वेळा तू एकच फाइल दिलीस. सिंगल कोट्समध्ये नाव टाक, डबल कोट्सने काम होत नाही, त्यात डॉलर तसाच उलगडतो. ह्यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

पण कोट्स लावून एकेक फाइल देणं हा पण मार्ग नाहीच. जावाच्या सोर्समध्ये एक फाइल दिसते, पण कंपायलर प्रत्येक इनर क्लासची, प्रत्येक अनॉनिमस (बिननावाच्या) क्लासची वेगळी क्लास फाइल करतो. स्विंगमध्ये (जावाची स्क्रीन-बटणांची लायब्ररी) बटणाला लिसनर, म्हणजे क्लिकवर चालणारा कोड, लावला की झाली एक डॉलरवाली फाइल. बाहेरच्या फाइलमध्ये फक्त इनरक्लासेस नावाच्या ॲट्रिब्यूटमध्ये नोंद असते की बाबा अशी अशी पोरं आहेत, पोरांचा कोड तिथे नसतो. फर्नफ्लॉवरला कमांड लाइनवर तू एक फाइल दिलीस तर तो तेवढीच बघतो, शेजारी डोकावत नाही. गंमत म्हणजे इंटेलिजे ह्या कोड एडिटरमध्ये हेच इंजिन आहे, पण तिथे त्याच फोल्डरमधल्या डॉलरवाल्या फाइली गोळा करून त्याच्या हातात दिल्या जातात, त्यामुळे लोकांना वाटतं की कमांड लाइनवालं बिघडलंय.

म्हणून कुटुंब फोडू नकोस. ईएक्सईत गुंडाळलेली जार अख्खी दे, न उघडता. उघडली की अजून एक भानगड होते, तुझ्याकडे नाही होणार कारण तू लिनक्सवर काढलंस, पण ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांच्यासाठी लिहितो. प्रोगार्डने नावं बारीक केलेल्या जारमध्ये स्मॉल ए डॉट क्लास आणि कॅपिटल ए डॉट क्लास अशा दोन वेगळ्या फाइली एकाच पॅकेजमध्ये असू शकतात. झिपच्या आत चालतं, विंडोजच्या फोल्डरमध्ये दोघी एकमेकींवर बसतात आणि एक गुपचूप मरते. मग तुम्ही डोकं आपटत बसता की हा मेथड गेला कुठे.

आता लिब फोल्डर. त्यातल्या जार डीकंपाइल करायच्या नाहीत, पण डीकंपायलरला दाखवायच्या मात्र आहेत. कारण बाइटकोडमध्ये (क्लास फाइलमधल्या कंपाइल झालेल्या सूचना) फक्त नाव असतं, की अमुक क्लासचा तमुक मेथड बोलव. तो क्लास कोणाचा वारस आहे, कुठला इंटरफेस पाळतो हे त्या क्लासच्याच फाइलमध्ये असतं. ती फाइल मिळाली नाही की डीकंपायलर अंदाज मारतो, व्हेरिएबल ऑब्जेक्ट होतात, नको तिथे कास्ट येतात, आणि मग तो कोड परत कंपाइल होत नाही. फर्नफ्लॉवरमध्ये मायनस ई बरोबर लायब्ररीचा पाथ देतात. मी सीएफआर नावाचा डीकंपायलर वापरतो, एकच जार आहे, त्याला जार दे, डॅश डॅश एक्स्ट्राक्लासपाथमध्ये लिबमधल्या जार दे आणि डॅश डॅश आउटपुटडिरमध्ये फोल्डर. त्याची एक सवय मला फार आवडते, काही सापडलं नाही तर आउटपुटच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये यादी देतो की ह्या ह्या क्लास लोड करता आल्या नाहीत. ती यादी रिकामी होईपर्यंत खालचा कोड वाचूच नकोस. सिरियल पोर्ट आहे म्हणजे तुझ्या लिबमध्ये आरएक्सटीएक्स ही सिरियल पोर्टची लायब्ररी असणार, यादीत जीएनयू डॉट आयओने सुरू होणारी नावं दिसली तर ती जार द्यायची राहिली असं समज.

(ज्यांची स्प्रिंग बूटची जार आहे त्यांच्या लायब्ररी बूट-इन्फ स्लॅश लिबमध्ये जारच्या आत जार अशा असतात, त्या आधी बाहेर काढून मगच क्लासपाथला (क्लास जिथे शोधायच्या त्या जागांची यादी) लावा.)

राहिला तुझा काट्यावरचा पराक्रम. लोड ह्या शब्दाने घोळ केला तुझा. जेव्हीएममध्ये क्लास लोड करणं वेगळं आणि डीकंपायलरने फाइल वाचणं वेगळं. तू क्लास डॉट फॉरनेम साध्या रूपात बोलावलास की क्लास नुसता लोड होत नाही, इनिशियलाइज होतो, म्हणजे त्यातला स्टॅटिक ब्लॉक चालतो. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने स्टॅटिक ब्लॉकमध्ये पोर्ट उघडायचा कोड ठेवला असणार, तो चालला आणि पोर्ट उघडला. तो तीन आर्ग्युमेंटवाला फॉरनेम असतो त्यात दुसरं फॉल्स दिलं तर स्टॅटिक ब्लॉक चालत नाही, पण मग मेथड्सची यादी मागितली की त्यातले पॅरामीटरचे क्लास शोधायला निघतो आणि एक जरी नाही मिळाला तरी नो क्लास डेफ फाउंड. डीकंपायलर ह्यातलं काहीच करत नाही, त्याच्यासाठी क्लास फाइल म्हणजे नुसत्या बाइट्स. अनोळखी माणसाची जार असेल तर हा फरक जास्तच महत्त्वाचा, वाचायला घेतलेला कोड चालवून बसायचं नसतं. स्वतः काही लिहायचंच असेल तर एएसएम लायब्ररीचा क्लासरीडर घे, बाइट्स दे, तो काही चालवत नाही.

आणि कृपा करून हे सगळं तुझ्या लॅपटॉपवर कर, काट्यापासून लांब.

रबाळे_लोकल

बाइटखाऊंनी जवळजवळ सगळं लिहिलंय. मी दोन गोष्टी घालते.

पहिली, फाइल डीकंपायलरला द्यायच्या आधी तिचे पहिले आठ बाइट हेक्समध्ये बघायची सवय लावून घ्या. पहिले चार सीए एफई बीए बीई, म्हणजे तो कॅफे बेब, प्रत्येक क्लास फाइलची खूण. त्यानंतर दोन बाइट मायनर व्हर्जन आणि दोन बाइट मेजर. मेजर हेक्समध्ये ३२ असेल तर ५०, म्हणजे जावा ६. ३४ असेल तर ५२, जावा ८. ३डी असेल तर ६१, जावा १७. तुमची २०११ ची म्हणजे बहुतेक ५० निघेल आणि ते चांगलंच आहे, तेव्हा लॅम्ब्डा नव्हते, स्ट्रिंग जोडायला इन्व्होकडायनॅमिक नव्हतं, डीकंपायलरला हा बाइटकोड सरळ जातो.

हे का सांगतेय, तर मागे आमच्याकडे एका सिस्टिममधून दुसरीत जारमधल्या क्लास फाइली पाठवताना कोणीतरी बाइट्सची स्ट्रिंग करून परत फाइल लिहिली होती. डीकंपायलर म्हणे मॅजिक नंबर, म्हणजे हीच खूण, चुकीचा. तीन जण तीन वेगवेगळे डीकंपायलर घेऊन बसले होते, मी ऐरोलीहून पोचेपर्यंत चौथा शोधत होते. हेक्समध्ये उघडलं तर सुरुवातीला ईएफ बीएफ बीडी, ईएफ बीएफ बीडी, असं चार वेळा ओळीने. कॅफे बेबचा एकही बाइट यूटीएफ-८ म्हणून तिथे बसत नाही, त्यामुळे चारीच्या जागी तो प्रश्नचिन्हाचा चौकोन गेला. अशी फाइल दुरुस्त होत नाही, मूळ कोणता बाइट होता ते कळायला मार्गच नसतो, मूळ जार परत मागवायची.

दुसरी, शॉर्ट शोधायला खरं तर डीकंपायलरची पण गरज नाही. जेडीकेबरोबर (जावाचा डेव्हलपमेंट संच) येणारा, बाइटकोड दाखवणारा जावापी चालवा, मायनस सी आणि मायनस पी लावून, आणि आउटपुटमध्ये आय-टू-एस शोधा. इंटचा शॉर्ट करणारी इन्स्ट्रक्शन. जावात शॉर्टची बेरीज मुळात इंटमध्येच होते आणि परत ठेवताना कापली जाते, ती कात्री म्हणजे आय-टू-एस. त्या माणसाने सोर्समध्ये नुसतं प्लस प्लस लिहिलं असेल, त्याला ही कात्री दिसली पण नसेल. एवढ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फार तर पाच-सहा ठिकाणी सापडेल.

बाइटखाऊ

ताई, हे आधी लिहिलं असतंत तर माझं एवढं टाइपिंग वाचलं असतं 🙏

कोपरखैरणेकर, सापडल्यावर एक सांभाळ. फील्ड शॉर्टचं इंट केलंस की बाइटकोडमधलं त्याचं डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रकाराची खूण, एसचं आय होतं. तू एकच क्लास बदलून टाकलास आणि दुसरा जुना क्लास त्या फील्डला हात लावत असेल तर तो अजून एसवालंच फील्ड मागणार, आणि चालता चालता नो सच फील्ड एरर. मेथड शॉर्ट परत देत असेल तर नो सच मेथड. म्हणून जिथे जिथे ते नाव येतं ते सगळे क्लास परत कंपाइल कर, बाकीच्यांना हात लावू नकोस. मूळ जार क्लासपाथवर ठेवून तेवढेच कंपाइल होतात, अख्खा प्रोग्रॅम परत उभा करायची गरज नाही. आणि कंपाइल करताना टार्गेट १.६ (म्हणजे जावा ६) ठेव, जेडीके ८ वर होतं. जेडीके १७ ने केलंस तर काट्याच्या मशीनवर अनसपोर्टेड क्लास व्हर्जन.

वागळे_इस्टेट

आणि डेटाबेसचा कॉलम? ॲक्सेस असेल तर त्यातला इंटिजर पण १६ बिटच असतो, लाँग इंटिजर पाहिजे.

तलोजा_एमआयडीसी

मध्येच बोलतो, कोडिंग कळत नाही पण काट्यांच्या धंद्यात आहे. पावती नंबर करा काय ते, वजनाच्या आकड्याच्या वाटेला जाऊ नका. वैधमापनशास्त्रवाले तपासायला आले आणि प्रोग्रॅम मध्येच बदललेला कळला तर काकांना उत्तरं द्यावी लागतील. काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा. आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम असा उघडणं चालतं का?

रबाळे_लोकल

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात काय केलं तर उल्लंघन होत नाही त्याची यादी आहे. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने, ज्या कामासाठी तो दिला होता त्या कामाला वापरता यावा म्हणून प्रत काढणं किंवा फेरफार करणं त्यात बसतं. विकायला किंवा दुसऱ्या काट्यावर टाकायला गेलात तर ते वेगळं. काकांकडे खरेदीचं बिल असेल तर शोधून ठेवा. वजनाबद्दल तलोजावाल्यांशी शंभर टक्के सहमत.

कोपरखैरणेकर

झालं मंडळी! शनिवारी पूर्ण दिवस लावला.

सीएफआरला अख्खी जार दिली, पहिल्या फेरीत डोक्यावर सात नावांची यादी, सगळी जीएनयू डॉट आयओची, मी लिबमधली एकच जार दिली होती. तिन्ही दिल्या, यादी गायब, आणि अकराच्या अकरा लिसनर आपापल्या बटणाखाली नीट बसलेले. ताई, मेजर ५० च निघाला.

एका गोष्टीने घाबरवलं. पावतीवर मराठी छापतात ना, तर कोडमध्ये वजनच्या जागी बॅकस्लॅश यू ०९३५, बॅकस्लॅश यू ०९१सी, बॅकस्लॅश यू ०९२८ असलं काहीतरी. मला वाटलं झाली फाइल खराब, ताईंचा तो चौकोन. मग कळलं की सीएफआर आपणहून तसं लिहितो, हाइडयूटीएफ फॉल्स केलं की सरळ मराठी येतं. तसंही कंपाइल झालं असतं, पण वाचता येत नव्हतं.

आणि व्हेरिएबलची नावं जशीच्या तशी आली! त्या माणसाने एक्लिप्समध्ये बनवला असावा, लोकल नावं पण आत ठेवलेली. भरलेलीगाडी, रिकामीगाडी, आणि एका ठिकाणी हेकाम्हणूनआहे नावाचं बूलियन. कॉमेंट क्लास फाइलमध्ये येत नाहीत त्यामुळे ते का म्हणून आहे ते आता कोणालाच कळणार नाही, मी त्याला हात लावला नाही.

आय-टू-एस चार ठिकाणी. दोन सिरियल पोर्टच्या कोडमध्ये होत्या, त्या वजनाशी संबंधित, सोडल्या. पावती नंबरच्या दोन. फील्डला हात लावणारे तीन क्लास, तिन्ही केले, गेटशॉर्टचं गेटइंट आणि सेटशॉर्टचं सेटइंट. वागळे, ॲक्सेसच आहे, कॉलम आधीपासून लाँग इंटिजर होता, म्हणजे डेटाबेस बनवताना त्याने विचार केला होता आणि कोडमध्ये विसरला. जावा ६ का सोडली नाही तेही कळलं, प्रोग्रॅम ॲक्सेसला जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिजने (जावा आणि डेटाबेस जोडणारा दुवा) बोलतो आणि तो ब्रिज जावा ८ मध्ये काढून टाकलाय.

ईएक्सईला धक्का लावला नाही. पॅच नावाच्या फोल्डरमध्ये नवीन क्लास ठेवल्या, क्लासपाथवर पॅच आधी आणि जुनी जार नंतर अशी बॅच फाइल केली, पहिली सापडते तीच घेतो. काही बिनसलं तर काकांनी जुन्या आयकॉनवर क्लिक करायचं. काय बदललं ते एका कागदावर लिहून बिलाच्या फाइलला लावून ठेवलं, बिल सापडलं काकूंच्या कपाटात.

आता एकच राहिलंय, मधल्या काळातल्या नऊशेच्या वर पावत्या मायनसमध्ये पडल्यात त्यांचं काय करू? काका म्हणतात हाताने बदलू.

वागळे_इस्टेट

हाताने?? ॲक्सेसच्या फाइलची आधी कॉपी काढ, मग शून्यापेक्षा कमी असलेल्या सगळ्या नंबरमध्ये ६५५३६ मिळव. मायनस ३२७६८ चा होतो ३२७६८, पुढचे ओळीने लागतात. एक क्वेरी.

कोपरखैरणेकर

मिळवले. ओळीने लागले, मधे एकही सुटला नाही. अकाउंटंटला नवीन नंबरांची यादी दिली तर तो म्हणतो जुन्या नंबरांची पण पाहिजे, समोरासमोर, सहीशिक्क्यासकट. उद्या परत कळंबोली.